काचपेटीतला जहागीरदार

गेल्या महिन्यात एके सकाळी, दूध गॅसवर चढलेले आणि वर्तमानपत्र अजून उलगडायचे अशा वेळी, आमच्याच इमारतीतील एक गृहस्थ दारात उभे राहिले आणि मी बसा म्हणण्यापूर्वीच त्यांनी खिशातून मोबाइल काढून त्यातील एक चलच्चित्र माझ्या डोळ्यांसमोर धरले. अंगठ्याएवढा एक गर्द निळा मासा आपल्याहून तिपटीने मोठ्या अशा एका पिवळ्या माशाच्या शेपटीवर पुन्हा पुन्हा तुटून पडत होता, आणि तो पिवळा बिचारा पेटीच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे डोके खुपसून उभा होता. "काका, हा मासा म्हणजे शुद्ध गुंड आहे," ते म्हणाले. "याचं काय करायचं ते आता तुम्हीच सांगा."

चौतीस वर्षे महसूल खात्यात, आणि त्यांतील बरीचशी तालुक्याच्या कचेऱ्यांतून, घालवलेल्या माणसाला फिर्याद ऐकून घेण्याची सवय असते. फिर्यादी जितका तावातावाने बोलेल तितके आपण मिळकतीच्या नकाशाकडे अधिक निरखून पाहावे, एवढी एक गोष्ट तरी त्या नोकरीने मला शिकवली. म्हणून मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो माशाविषयी नव्हताच. पेटी किती फुटांची, एवढेच विचारले. "दोन फूट," ते म्हणाले. "आणि मासे?" "अकरा."

पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी ठेवण्याचा शौक अलीकडे वाढीस लागला आहे. त्यात माशांच्या वर्तनाविषयी ज्या तक्रारी होतात, म्हणजे अमका चावतो, तमका इतरांचे पंख कुरतडतो, कोणी नव्या माशाला अन्नाला तोंड लावू देत नाही, कोणी मालकाच्याच हातावर धावून येतो, त्यांपैकी बहुतेक प्रकरणांत प्रतिवादीचे नाव चुकीचे नोंदलेले असते असे माझे मत झाले आहे. हे मत मी पोटतिडकीने मांडतो आहे याचे कारण एवढेच की चार वर्षांपूर्वी त्याच चुकीच्या फिर्यादीवर मीही सही केलेली आहे.

मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले गेले. त्यानंतर काही वर्षांनी वडिलांचे बोट धरून मी ते पाहिले तेव्हापासून समुद्राचा एक तुकडा आपल्या घरी असावा ही इच्छा माझ्या मनात दडी मारून बसली होती. निवृत्तीनंतर नातवाने "आजोबा, निमो आणा ना" असा धोशा लावला आणि त्या इच्छेला निमित्त मिळाले. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी पेटी बैठकीच्या खोलीत आली. हिशेब केला तर हे माप सुमारे २५० लिटर पाण्याचे होते, आणि समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात म्हणून पावणेनऊ किलो मीठ, तेही स्वयंपाकघरातले नव्हे तर या कामासाठी मुद्दाम बनवलेले, त्यात विरघळवावे लागले. घरच्या मंडळींनी हा सारा बंदोबस्त संयमाने पाहिला. फक्त पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचे पहिले वीजबिल आले त्या दिवशी आमच्याकडे जेवताना कोणी फारसे बोलले नाही.

आता नव्या पेटीतील पाणी पहिल्या दिवशीच माशांना राहण्याजोगे होत नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून जो अमोनिया सुटतो तो विषारी असतो. त्याचे नायट्राइट आणि नायट्राइटचे पुष्कळ कमी घातक असे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर आणि वाळूत हळूहळू वस्ती करतात, आणि या वस्तीला चार ते सहा आठवडे लागतात. या छंदातील लोक याला टँकची सायकल होणे असे म्हणतात. मी ज्या दुकानात गेलो तेथील मालकाने मला यावर एक तोडगा सुचवला. "साहेब, आधी एक डोमिनो सोडा. तो मरत नाही. त्याच्यावर टँक पिकवा, मग बाकीचे न्या." त्या वाक्यातील क्रौर्य माझ्या ध्यानात आले नाही. एका जिवाला सहा आठवडे विषात ठेवून तो जगतो की नाही यावर पाण्याची परीक्षा करावयाची, हा त्याचा सरळ अर्थ होता. हेच काम कोळंबीचा एक तुकडा पाण्यात कुजत ठेवून, एकाही माशाच्या जिवाशी खेळ न करता होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्या वेळी मी दीडशे रुपये मोजले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, मखमलीसारखा काळाभोर, कपाळावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक असे तीन पांढरे टिळे मिरवणारा एक जीव घरी आणला. नातवाने त्याचे नाव ठेवले ठिपक्या.

ठिपक्या मेला नाही. दुकानदाराचे तेवढे भाकीत खरे ठरले. पहिल्या आठवड्यात तो डाव्या कोपऱ्यातील दगडाच्या बिळातून बाहेर येत नसे. दुसऱ्या आठवड्यात त्याने त्या दगडाभोवती वीतभर घेर धरला. आणि दीड महिना उलटला, पाणी पिकले, तेव्हा चार फुटांच्या त्या पेटीतील बहुतेक सारा मुलूख त्याच्या वहिवाटीत जमा झालेला होता. मी नातवाला दिलेले वचन पाळण्यासाठी दोन लहान क्लाउन मासे आणले, आणि त्यांच्याबरोबर दुकानात फार सुंदर दिसला म्हणून एक फायरफिशही आणला. अंगाचा पुढचा भाग मोतिया, मागचा शेंदरी, आणि पाठीवर ध्वजदंडासारखा एक उंच पंख उभारून तो हलवीत राहणारा हा मासा स्वभावाने अत्यंत भित्रा असतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पेटीत दिसेना. दगड हलवून पाहिले, फिल्टर उघडून पाहिला. शेवटी केर काढणाऱ्या बाईंना तो पेटीखालच्या कपाटामागे सापडला, वाळून कडक झालेला, पाठीवरचा तो पंख अंगाला चिकटलेला. पेटीला झाकण नव्हते आणि पाण्यात पळावयास जागा नव्हती, म्हणून तो पाण्याबाहेर पळाला होता. त्या दिवशी मी ठिपक्याला जे काही बोललो ते नातवासमोर बोलावयास नको होते.

परंतु ठिपक्याची बाजू कोणी ऐकली होती? कोणत्याही कचेरीत प्रतिवादीची कैफियत घेतल्याशिवाय निकाल देत नाहीत, आणि मी मात्र पंचनामा होण्यापूर्वीच हुकूम फर्मावून बसलो होतो. या पश्चात्तापानेच मी नंतर या विषयावरील वाचनाकडे वळलो.

ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांना पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९६३ साली प्राण्यांच्या आक्रमकतेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचा आरंभच मुळी प्रवाळखडकांवरील माशांपासून होतो. फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत पाण्यात उतरून आणि स्वतःच्या मत्स्यपेट्यांसमोर बसून त्यांनी जे पाहिले त्याचे सार असे की, भडक रंगांचे हे मासे सर्वांत अधिक त्वेषाने भांडतात ते परक्यांशी नव्हे, तर स्वतःच्याच जातीच्या, स्वतःसारखेच निशाण अंगावर बाळगणाऱ्या माशांशी. कारण ज्याचे अन्न तेच, ज्याचे बीळ तेच, तोच खरा वाटेकरी. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात आणि तिच्यासाठी प्रवाळखडकापर्यंत जावे लागत नाही. मी स्वतः सव्वा गुंठ्याच्या बांधावरून दोन सख्ख्या भावांना एकोणीस वर्षे तारखांना हजर राहताना पाहिले आहे. लोरेंझ यांचे म्हणणे पुढील अभ्यासकांनी जसेच्या तसे स्वीकारले नाही, हेही सांगितले पाहिजे. ठिपक्या ज्या डॅमसेल कुळातला, त्या कुळातील काही मासे खडकावर शेवाळाची चक्क शेती करतात, नको असलेले शेवाळ उपटून दूर टाकतात, आणि त्या वाफ्यात तोंड घालणारा मासा परजातीचा, कितीही मोठा, का असेना, त्याच्यावर धावून जातात. माणूस पाणबुड्या होऊन जवळ गेला तर त्याच्यावरही जातात. म्हणजे भांडण रंगावरून असो वा पोटावरून, ते असते मात्र जमिनीचे.

जमिनीच्या भांडणाचा एक नियम असा की, त्याला सरहद्द असली तर ते मिटण्यासारखे असते. काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, तोंडाला नळी लावून पाण्यावर पालथे पडण्याचा जो कार्यक्रम हल्ली पर्यटकांकडून करवून घेतात तो मीही केला. तेथे खडकांवर पिवळसर पाठीचे आणि अंगावर पाच काळे पट्टे असलेले मासे पुष्कळ होते. सार्जंट मेजर या नावाने ओळखले जाणारे हे मासे डॅमसेलच्याच गोतातले. पर्यटकांच्या पावावर तुटून पडणाऱ्या त्या थव्यापासून दूर, खालच्या एका कपारीशी एक मासा एकटाच घिरट्या घालीत होता, आणि जो जवळ येई त्याच्यावर झडप घालीत होता. परंतु प्रत्येक झडप हातभर अंतरावर संपत होती. पळणारा पळाला, पाठलाग करणारा माघारी फिरला, दोघेही आपापल्या उद्योगाला लागले. अर्ध्या तासात मी अशा वीस-पंचवीस चकमकी पाहिल्या असतील, पण जखम एकाही माशाच्या अंगावर दिसली नाही. खडकावर वर्षानुवर्षे शेजारी राहणारे मासे एकमेकांना ओळखतात आणि ओळखीच्या शेजाऱ्याकडे फारसे लक्ष देत नाहीत, अनोळखी पाहुण्यावर मात्र तुटून पडतात, असेही निरीक्षण आहे. कान्होजी आंग्रे यांच्या अमदानीत कोकणच्या दर्यात दस्तक घेतल्याखेरीज जहाज सुखाने पुढे जात नसे, तसाच हा बंदोबस्त. दस्तक नसेल त्याने दूरच्या पाण्यातून जावे, एवढाच त्याचा आग्रह असतो.

काचेच्या पेटीत हे दूरचे पाणी नसते, आणि ज्याला आपण माशाचे उपद्रवी वर्तन म्हणतो त्याचे मूळ माझ्या मते जवळजवळ पूर्णपणे याच ठिकाणी आहे. समुद्रात जी चकमक हातभर अंतरावर आणि काही क्षणांत संपते ती पेटीत संपतच नाही, कारण पळालेला मासा चार फुटांवर काचेला थडकतो आणि पाठलाग करणाऱ्याला तो अजूनही समोरच दिसतो. हल्लेखोराच्या दृष्टीने हा घुसखोर निर्लज्ज आहे, हुसकावला तरी जात नाही. तो पुन्हा धावतो. असे दिवसातून शंभर वेळा झाले की दुर्बळाच्या पंखांच्या चिंध्या होतात, तो अन्नाकडे यायचे सोडतो, त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उठतात, आणि एके दिवशी मालक म्हणतो की या काळ्याने त्याला मारला. मारणारा काळा खराच, परंतु तुरुंगाच्या एका कोठडीत दोघांना कोंडून किल्ली खिशात घालणारा त्या वेळी सोफ्यावर बसून चहा पीत असतो.

ठिपक्याच्या स्वभावाचा सर्वांत करुण भाग मला रात्री दिसला. खोलीतील दिवे मालवले आणि पेटीतील दिवा तेवढा चालू राहिला की काचेची आतली बाजू आरशासारखी होते. त्या वेळी उजव्या काचेशी ठिपक्याला आणखी एक ठिपक्या भेटे, अगदी तेवढाच, तितकाच रागीट, आणि एक पाऊलही मागे न हटणारा. तो पंख ताठ करून आडवा होई, पुढे जाई, थडके, मागे येई आणि पुन्हा जाई. पहिल्या रात्री मला गंमत वाटली, तिसऱ्या रात्री वाटेनाशी झाली. जवळ कान नेला तर एक बारीक टकटक ऐकू येई. मासा मुका असतो ही आपली समजूत चुकीची आहे, हे कोळ्यांना सांगावे लागत नाही, कारण घोळ आणि ढोमे पाण्याखाली आवाज करतात हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. डॅमसेल आणि क्लाउन हेही असेच आवाज काढतात. चौथ्या दिवशी मी त्या काचेवर बाहेरून नातवाच्या चित्रकलेच्या वहीतला कागद चिकटवला. प्रतिबिंब गेले आणि टकटक थांबली. सव्वा रुपयाच्या कागदाने मिटणारे भांडण मी तीन रात्री माशाच्या दुष्टपणाच्या खात्यावर लिहीत होतो.

क्लाउन माशांविषयी तर गैरसमजांची रास आहे, आणि तिला निमो या क्लाउन माशाचा २००३ सालचा चित्रपट पुष्कळसा जबाबदार आहे. हे मासे समुद्रफुलाच्या आश्रयाने लहान गट करून राहतात. गटातील सर्वांत मोठा मासा मादी असतो, दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नर, आणि बाकीचे आपली वाढ रोखून, वयात न येता, रांगेत उभे असतात. मादी मेली की नराचीच मादी होते आणि रांगेतला पुढचा नर होतो. चित्रपटाच्या आरंभी निमोची आई मरते. निसर्गनियमाप्रमाणे त्यानंतर निमोच्या बापाचे काय व्हावयास हवे होते हे चित्रपटवाल्यांनी मुलांना सांगितले नाही, आणि बरेच केले. सांगण्याचा मुद्दा हा की, या मातृसत्ताक राज्यात दोन मोठ्या माद्या एका पेटीत सोडल्या तर त्यांतील एक बहुधा मरते, आणि पेटीत हात घालणाऱ्या मालकाला मादी चावते ते तिचे घरचे कर्तव्य असते. आमच्या जोडीतील धाकटा मासा थोरल्यासमोर आडवा होऊन अंगभर थरथरत असे, तेव्हा त्याला झटके येतात म्हणून आम्ही औषध आणावयास निघालो होतो. तो मुजरा करीत होता.

बाकीच्यांची कथा थोडक्यात सांगता येईल. टँग म्हणजे सर्जन मासा. त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना शस्त्रवैद्याच्या सुरीसारखा काटा असतो, आणि दिवसभर मैदान मारीत पोहण्याची ज्याला सवय त्याला दोन फुटांत ठेवले तर तो काटा बाहेर येणारच. ट्रिगर हा दगड उचलून फेकतो, खेकडे, कोळंबी, शंख यांना भाकरीसारखे फोडून खातो, आणि त्याच्या शेजारी शोभेची कोळंबी ठेवून नंतर शोक करणाऱ्याविषयी मला सहानुभूती वाटत नाही. हिरवट निळे क्रोमिस मात्र फसवतात. थव्याने राहणारे, शांत, असे सांगून पाच दिले जातात, आणि दर काही आठवड्यांनी एक कमी होत जाऊन वर्षअखेर एकच धष्टपुष्ट क्रोमिस उरतो; थव्यातही वरपासून खालपर्यंत मानाची उतरंड असते आणि पेटीत सर्वांत खालच्याला उतरायला जागा नसते.

आता या साऱ्यात दोष कोणाचा? ग्राहकाचा आहेच, मी माझा कबूल केला आहे. परंतु ग्राहक अज्ञानी असतो, आणि अज्ञान ही गुन्ह्याची सबब होत नसली तरी विक्रेत्याचे मौन ही मात्र चक्क नफ्याची युक्ती असते. डोमिनो कणखर आहे हे मला सांगण्यात आले. तो वाढून चार-पाच इंचांचा होतो, आणि ज्या पेटीत तो सर्वांत आधी जाईल तिचा मालक होतो, हे सांगण्यात आले नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले तेव्हापासून या विद्येने सारी बुद्धी पाणी जिवंत कसे ठेवावे यावर खर्च केली आहे, आणि आज कोणत्याही दुकानात पाण्याची घनता मोजण्याचे यंत्र मिळते. परंतु अमुक माशाला किती फूट लागतात आणि तो कोणाशेजारी नांदत नाही, एवढे लिहिलेली पाटी मला एकाही टाकीवर दिसलेली नाही. चपलेच्या जोडीवरही आकडा असतो.

सरकारने यात हात घातला नाही असे नाही. २०१७ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली मत्स्यपेट्यांच्या दुकानांसाठी नियम जाहीर केले, दीडशेहून अधिक जातींची यादी देऊन त्यांच्या विक्रीवर व प्रदर्शनावर बंदी घातली, क्लाउन मासा त्या यादीत होता, आणि व्यावसायिकांचा गदारोळ उठताच त्याच वर्षी ते नियम मागे घेतले. महसूल खात्यातील अनुभवावरून सांगतो, सरसकट जप्तीचा हुकूम आणि सरसकट माफीचा हुकूम हे एकाच आळसाचे दोन नमुने आहेत. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउन माशांची पैदास बंदिस्त टाक्यांत करून दाखवलेली असताना त्या पिलांना आणि प्रवाळांतून ओरबाडून आणलेल्या माशांना एकाच यादीत बसवणे चूक होते. आणि ती यादी रद्द करताना दुकानदारावर माहिती देण्याचे साधे बंधनसुद्धा न ठेवणे ही त्याहून मोठी चूक झाली. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. परंतु ज्याची विक्री कायदेशीर आहे त्या माशाची पूर्ण वाढ किती, किमान पेटी किती, स्वभाव कसा आणि तो समुद्रातून धरलेला की टाकीत वाढवलेला, या चार गोष्टी प्रत्येक पावतीवर मराठीत छापाव्यात, एवढी तजवीज करण्यास नवा कायदा लागू नये. ती झाली पाहिजे.

ठिपक्याचे पुढे काय झाले हे वाचक विचारतील. मी प्रथम तडजोडीचे उपाय केले. सगळे दगड बाहेर काढून नव्या रचनेने मांडले, म्हणजे जुने बांध मोडून फेरमोजणी केली. नवा मासा आणला तर तो दिवे मालवल्यावर सोडला, आणि त्यापूर्वी आठ दिवस त्याला छिद्रे पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून तो डबा पेटीतच टांगला, म्हणजे ओळख होईल पण हाणामारी होणार नाही. या उपायांनी पुष्कळांचे भागते. माझे भागले नाही, कारण चूक क्रमाची होती. जो सर्वांत शेवटी यायचा तो मी सर्वांत आधी आणला होता. एका परिचिताने ठिपक्याला जुहूच्या समुद्रात सोडण्याचा सल्ला दिला. हा सल्ला दयाळूपणाचा वाटतो आणि तो अगदी चुकीचा आहे. प्रवाळांच्या निर्मळ पाण्यातला मासा मुंबईच्या गढूळ किनाऱ्यावर तगणार नाही, आणि चुकून तगलाच, तर पेटीतले रोग तो समुद्रात नेईल. परक्या समुद्रात तगलेल्या सिंहमाशाचे उदाहरण पाहा: तो १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रथम आढळला. तो तेथे पोहोचला तो शौकिनांच्या पेट्यांतूनच, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. आता कॅरिबियन समुद्रात तो जागोजागी पसरला असून तेथील लहान माशांचा फडशा पाडतो आहे. शेवटी प्लास्टिकच्या बाटलीचे तोंड कापून, ते उलटे बसवून केलेल्या सापळ्यात दोन दिवसांनी ठिपक्या सापडला आणि ठाण्यातील एका स्नेह्यांच्या आठ फुटी पेटीत गेला. तेथे त्याच्याहून मोठे मासे आहेत. तो उजव्या कोपऱ्यातील एक दगड सांभाळून असतो आणि इतरांच्या वाटेला जात नाही.

माझ्या शेजाऱ्यांना मी त्या सकाळी हे सारे सांगितले नाही. दूध उतू गेले होते. अकरातले आठ मासे परत द्या, निदान चार फुटांची पेटी घ्या, एवढेच सांगितले, आणि त्यांना ते फारसे रुचले नाही. परंतु ज्यांनी अजून खरेदी केलेली नाही त्यांना माझी विनंती आहे की, दुकानात जाताना खिशात मोजपट्टी ठेवावी, हा मासा मोठेपणी केवढा होतो आणि कोणाशी भांडतो हे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर रिकाम्या हाताने घरी परतावे. नुसते दगड, वाळू आणि खारे पाणी असलेल्या पेटीतही पहिले सहा आठवडे पाहण्यासारखे पुष्कळ असते: आधी सर्वत्र तपकिरी साय धरते, मग ती ओसरून हिरवे डाग उमटतात, आणि एखाद्या रात्री विजेरी लावली तर काचेवर मोहरीच्या कणांहून बारीक असे पांढरे जीव उड्या मारीत चाललेले दिसतात. ते कोठून येतात म्हणून माझ्या नातवाने विचारले होते, दगडांतून येतात.